अमेरिकी पिकअप जर्मनीत आणताना: मोजपट्टीपासून नंबरपाटीपर्यंत

अमेरिकेतला मोठा पिकअप ट्रक जर्मनीत आणून रोजच्या वापरासाठी रीतसर नोंदवता येतो. त्यासाठी व्यापारी परवाना लागत नाही आणि कायद्याची आडकाठीही नाही. तरीही या वाटेने जाणारे नवखे लोक अडकतात, आणि त्यांच्या अडचणीचे मूळ बहुतेकदा ट्रक जहाजावर चढण्याच्या कितीतरी आधीचे असते. त्यांनी इंजिन आणि रंग पाहून गाडी घेतलेली असते. ज्या मोजमापांवर पुढचा सगळा खर्च ठरतो ती मात्र घेतलेलीच नसतात. ही मोजमापे म्हणजे गाडीचे कमाल अनुज्ञेय वजन, मागच्या हौद्याची आतली लांबी, व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांमधले अंतर) आणि आरशांसकट रुंदी. म्हणून या लेखातील पहिल्या पायऱ्या मोजपट्टीच्या आहेत आणि खरेदी त्यांच्यानंतर येते.

सीमाशुल्क संपूर्ण युरोपीय संघात एकसारखे असले तरी वाहननोंदणी, मूल्यवर्धित कर आणि वाहनकर प्रत्येक देशाचे वेगळे असतात. येथे सर्वत्र जर्मनी गृहीत धरली आहे.

पहिली पायरी: ट्रक उभा कुठे राहणार?

फोर्ड एफ-१५० हे उदाहरण घेऊ. चार दारांची केबिन आणि साडेपाच फुटी हौदा असलेला हा ट्रक सुमारे ५.८९ मीटर लांब भरतो. आरसे सोडून त्याची रुंदी सुमारे २.०३ मीटर आणि आरसे धरून सुमारे २.४३ मीटर आहे. जर्मनीतील पार्किंगची नेहमीची जागा पाच मीटर लांब असते, त्यामुळे ट्रकचे नाक किंवा शेपूट जवळजवळ एक मीटर बाहेर राहते. जुन्या इमारतींच्या तळघरांत छताची उंची अनेकदा दोन मीटरच असते आणि चारही चाकांना ताकद देणाऱ्या (फोर-व्हील-ड्राइव्ह) आवृत्तीची उंची त्याच्या अगदी जवळ जाते. एकावर एक गाडी ठेवण्याच्या यांत्रिक पार्किंगचा तर विचारही करू नये.

महामार्गावरचा प्रश्न वेगळा आहे. आउटोबानवर दुरुस्तीचे काम चालू असताना डावी मार्गिका अरुंद करतात आणि तिच्यावर रुंदीची मर्यादा सांगणारा फलक लावतात, २.१ मीटरचा फलक नेहमी दिसतो. ही मर्यादा आरशांसकट धरली जाते, त्यामुळे या ट्रकला अशा पट्ट्यात सतत उजव्या मार्गिकेत मालमोटारींच्या मागे राहावे लागते. ज्यांचा रोजचा मार्ग अशा कामांमधून जातो त्यांनी हे मनाशी नीट ठरवून घ्यावे.

माझा आग्रह असा की, खरेदीआधी एका शनिवारी मोजपट्टी घेऊन घराचे पार्किंग, कार्यालयाचे पार्किंग, मुलांची शाळा आणि नेहमीचे दुकान या चार ठिकाणी जावे. चारांपैकी दोन ठिकाणी ट्रक मावत नसेल, तर युरोपात अधिकृतपणे विकला जाणारा फोर्ड रेंजर हा लहान पिकअप घेणे शहाणपणाचे ठरेल. त्यालाही हौदा आहे, तोही ओढतो, आणि त्याच्यासाठी पुढची आयातीची एकही पायरी चढावी लागत नाही.

दुसरी पायरी: वजन आणि परवाना

चालकाच्या बाजूचे दार उघडले की खांबावर एक चिकटपट्टी दिसते. तीवर गाडीचे मालासकट कमाल वजन पौंडांत छापलेले असते. त्या आकड्याला ०.४५३६ ने गुणावे. उत्तर ३,५०० किलोच्या आत, म्हणजे मूळ आकडा साधारण ७,७१६ पौंडांच्या आत असेल, तर ‘बी’ वर्गाचा साधा परवाना पुरतो. एफ-१५०, रॅम १५०० आणि शेव्रोले सिल्व्हराडो १५०० यांच्या बहुतेक आवृत्त्या या मर्यादेत बसतात. एफ-२५० किंवा रॅम २५०० मात्र दहा हजार पौंडांच्या, म्हणजे साडेचार टनांच्या घरात जातात. तेथे ‘सी-१’ परवाना लागतो, त्यासाठी वैद्यकीय तपासणी होते, आणि मालवाहू म्हणून नोंद झाल्यास आउटोबानवर वेग ताशी ८० किलोमीटरवर येतो. रोजच्या वापरासाठी असा ट्रक घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

भारतीय परवान्यावर जर्मनीत वास्तव्य सुरू झाल्यापासून सहा महिनेच गाडी चालवता येते. त्यानंतर जर्मन परवाना हवा आणि त्यासाठी लेखी व प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. अमेरिकी परवाना असल्यास तो कोणत्या राज्याचा आहे यावर सवलत अवलंबून असते. ट्रक बंदरात आणि मालक परीक्षेच्या रांगेत, अशी वेळ येऊ देऊ नये.

तिसरी पायरी: हौद्याची लांबी आणि सीमाशुल्क

सर्वांत महाग चुका या पायरीवर होतात, म्हणून येथे थोडे थांबू.

युरोपीय संघाच्या शुल्कसूचीत प्रवासी मोटारीवर १० टक्के शुल्क आहे. मालवाहू गाडीवर, तिचे पेट्रोल इंजिन २,८०० घनसेंटिमीटरपेक्षा किंवा डिझेल इंजिन २,५०० घनसेंटिमीटरपेक्षा मोठे असेल तर, २२ टक्के शुल्क आहे. पिकअप या दोन्हींच्या सीमेवर उभा असतो. चार दारांच्या, मागे पूर्ण आसने असलेल्या पिकअपसाठी कसोटी अशी आहे की, हौद्याच्या तळाची आतली कमाल लांबी व्हीलबेसच्या निम्म्यापेक्षा जास्त असेल तर ती गाडी मालवाहू ठरते.

आता एफ-१५० चे आकडे पाहावेत. साडेपाच फुटी हौद्याची आतली लांबी सुमारे ६७ इंच आणि व्हीलबेस सुमारे १४५ इंच आहे, म्हणजे प्रमाण ४६ टक्के येते आणि ट्रक प्रवासी वर्गात राहतो. तीच केबिन साडेसहा फुटी हौद्यासह घेतली की लांबी सुमारे ७९ इंच आणि व्हीलबेस सुमारे १५७ इंच होतो. प्रमाण ५० टक्क्यांच्या किंचित वर सरकते आणि शुल्क दुपटीहून अधिक होते.

समजा, ट्रकची किंमत ३६,००० युरो आणि जहाजभाडे व विमा मिळून २,००० युरो आहेत. शुल्क केवळ किमतीवर लागत नाही, ते ३८,००० युरोंवर लागते. १० टक्क्यांनी ते ३,८०० युरो होते. मग ४१,८०० युरोंवर १९ टक्के आयात-मूल्यवर्धित कर, म्हणजे ७,९४२ युरो. एकूण भरणा ११,७४२ युरो. २२ टक्क्यांनी हाच भरणा सुमारे १७,१६८ युरोंवर जातो. एक फूट हौद्यासाठी सुमारे ५,४२६ युरो जास्त! ज्यांचा ट्रक सीमारेषेच्या जवळ येतो त्यांनी खरेदीपूर्वी सीमाशुल्क खात्याकडून वर्गीकरणाचा बंधनकारक लेखी निर्णय मागावा. तो निर्णय मिळायला वेळ लागतो, पण पुढे वाद होत नाही.

हे गणित नेहमीच्या दरांनी केले आहे. ऑगस्ट २०२५ मधील संयुक्त निवेदनात युरोपीय संघाने अमेरिकी औद्योगिक मालावरील शुल्क काढून टाकण्याचा मनोदय जाहीर केला होता. त्यामुळे पैसे देण्याच्या आठवड्यात युरोपीय संघाच्या ‘टारिक’ या शुल्कसूचीत त्या दिवशीचा दर स्वतः पाहावा. शुल्कांचे हे राजकारण नवे नाही. १९६४ पासून अमेरिका बाहेरून येणाऱ्या हलक्या ट्रकांवर २५ टक्के शुल्क आकारू लागली ती युरोपने अमेरिकी कोंबडीवर लावलेल्या शुल्काला उत्तर म्हणून. त्या भिंतीच्या आड अमेरिकी पिकअप आपल्याच बाजारासाठी वाढत राहिला, आणि आज युरोपच्या गल्लीत तो इतका मोठा का वाटतो, त्यामागे हेही एक कारण आहे.

दोन सवलती मात्र अवश्य माहीत असाव्यात. पहिली अमेरिकेतून घरासकट स्थलांतर करणाऱ्यांसाठी आहे, आणि ह्यूस्टन किंवा डॅलसहून म्युनिक वा श्टुटगार्टला बदलून येणाऱ्या मराठी कुटुंबांना ती थेट लागू पडू शकते. युरोपीय संघाबाहेर किमान बारा महिने वास्तव्य झालेले असेल आणि गाडी किमान सहा महिने आपल्या मालकीची व वापरातली असेल, तर ती स्थलांतराच्या सामानासोबत शुल्क व आयात-कर न भरता आणता येते. वास्तव्य सुरू झाल्यापासून बारा महिन्यांत ती आणावी लागते आणि आणल्यावर बारा महिने ती विकता, भाड्याने देता किंवा उसनी देता येत नाही. म्हणून बदलीची कुणकुण लागताच ट्रकची कागदपत्रे, विम्याच्या पावत्या आणि घरभाड्याचे करार जपून ठेवावेत. निघण्याच्या दोन महिने आधी घाईने नवा ट्रक घेणाऱ्याला ही सवलत मिळत नाही.

दुसरी सवलत तीस वर्षांहून जुन्या, मूळ स्थितीतील गाड्यांसाठी आहे. संग्राह्य वस्तू म्हणून मान्यता मिळाल्यास शुल्क शून्य आणि आयात-कर ७ टक्के लागतो. रोज पावसात आणि हिवाळ्यात मीठ टाकलेल्या रस्त्यावर चालवण्यासाठी मात्र तीस वर्षांचा ट्रक घेण्याचा सल्ला मी देणार नाही.

चौथी पायरी: अमेरिकेतील खरेदी

अमेरिकेत गाडीची मालकी सिद्ध करणारा कागद म्हणजे ‘टायटल’. मूळ टायटल हाती असल्याशिवाय पैसे देऊ नयेत. त्यावर कर्जाचा बोजा नोंदलेला नाही ना, आणि ‘सॅल्व्हेज’ (निकामी ठरवलेली) किंवा ‘रिबिल्ट’ (निकामी झाल्यावर पुन्हा उभी केलेली) असा शेरा नाही ना, हे पाहावे. अपघातात किंवा पुरात निकामी झालेली गाडी दुसऱ्या राज्यात नेऊन तिथे स्वच्छ टायटल काढण्याचे प्रकार घडतात. म्हणून गाडीची ओळख असलेल्या सतरा अक्षरी व्हीआयएन क्रमांकावरून इतिहासाचा अहवाल काढावा आणि एकाच ट्रकची राज्ये थोड्या काळात वारंवार बदललेली दिसली तर तो सोडून द्यावा. हार्वे वादळानंतर २०१७ मध्ये ह्यूस्टन परिसरात हजारो गाड्या पाण्यात गेल्या होत्या. आसनांखालच्या जोडण्यांवरील हिरवट गंज आणि सीटबेल्टच्या पट्ट्यांच्या तळाशी साचलेला गाळ या पुराच्या खुणा आहेत.

गंजाचा दुसरा प्रकार मिठाचा. मिशिगन, ओहायो, न्यूयॉर्क अशा राज्यांत हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात आणि पिकअपची शिडीसारखी चौकट आतून सडते. ॲरिझोना, न्यू मेक्सिको किंवा पश्चिम टेक्सासमधला ट्रक उन्हाने फिकट झालेला असेल, पण त्याची चौकट बहुधा शाबूत असते. फिकट रंगापेक्षा सडलेली चौकट दुरुस्त करणे कितीतरी कठीण.

निर्यातीसाठी ट्रक आणि मूळ टायटल जहाज सुटण्याच्या किमान ७२ तास आधी अमेरिकी सीमाशुल्क खात्यापुढे ठेवावे लागते, आणि निर्यातीची इलेक्ट्रॉनिक घोषणा करावी लागते. ही दोन्ही कामे मालवाहतूक एजंट करतो. टायटल टपालाने वेगळे पाठवू नये. माझ्या बाबतीत ते आठवडाभर टपालात अडकले, जहाज चुकले आणि बंदरातील साठवणुकीचे भाडे विनाकारण भरावे लागले. कुरियरने पाठवून पोच मिळेपर्यंत पाठपुरावा करावा.

पाचवी पायरी: जहाज आणि बंदर

गाडी चाकांवर चालवत चढवण्याचे ‘रोरो’ जहाज पिकअपसाठी सहसा स्वस्त पडते. बाल्टिमोर, ब्रन्सविक किंवा गॅल्व्हेस्टनहून ब्रेमरहाफेनला अशी जहाजे येतात. टाकीत पाव किंवा त्याहून कमी इंधन असावे आणि गाडीत घरचे सामान नसावे. कंटेनर हवा असल्यास चाळीस फुटीच घ्यावा, कारण वीस फुटी कंटेनरची आतली लांबी ५.९ मीटर, म्हणजे ट्रकच्याच लांबीएवढी असते. चढवण्याआधी चारी बाजूंनी, चौकटीखालून आणि मीटरच्या आकड्यासह तारीख असलेली छायाचित्रे काढावीत, कारण विम्याचा दावा त्यांच्यावरच उभा राहतो.

ब्रेमरहाफेनला शुल्क भरून झाले की सीमाशुल्क खात्याचा ‘उनबेडेंक्लिशकाइट्सबेशाइनिगुंग’ हा दाखला मागून घ्यावा. नाव लांबलचक असले तरी ते लिहूनच न्यावे; या दाखल्यावाचून पुढे नोंदणी होत नाही. बंदरातून घरापर्यंत ट्रक चालवत आणण्याचा मोह टाळावा. तपासणी न झालेल्या गाडीला तात्पुरती नंबरपाटी मिळवणे किचकट असते, त्यापेक्षा ट्रेलरवर घालून आणणे सोपे पडते.

सहावी पायरी: बदल आणि तपासणी

अमेरिकी ट्रकला युरोपीय प्रकार-मान्यता, म्हणजे संपूर्ण मॉडेलला एकदाच मिळणारी मंजुरी, नसते, म्हणून त्याची एकट्याची तपासणी होते. ट्यूफ किंवा डेक्रासारख्या वाहन-तपासणी संस्थेचा अधिकृत अभियंता ती करतो. जहाज येण्याआधीच अशा केंद्रात जाऊन, अमेरिकी गाड्यांची सवय असलेला अभियंता शोधून, त्याच्याकडून बदलांची यादी लिहून घ्यावी. एकच नियम दोन अभियंते थोडा वेगळा लावू शकतात, त्यामुळे ज्याने यादी दिली त्याच्याकडेच तपासणी करून घेणे चांगले.

बहुतेक काम दिव्यांचे असते. अमेरिकेत मागचा वळणाचा दिवा लाल चालतो. युरोपात तो नारिंगी हवा, आणि ब्रेकच्या दिव्यापासून वेगळा लुकलुकायला हवा. एकाच लाल दिव्याकडे दोन्ही कामे असतील तर नवी वायर ओढावी लागते. पुढचे पार्किंगचे दिवे अमेरिकेत नारिंगी असू शकतात, येथे ते पांढरे हवेत. मागे लाल धुके-दिवा बंधनकारक आहे आणि अमेरिकी ट्रकला तो बहुधा नसतो. पुढच्या मुख्य दिव्यांवर वर्तुळातील ‘ई’ ही युरोपीय मान्यतेची खूण लागते. फक्त अमेरिकी खूण असलेल्या दिव्यांच्या प्रकाशाची रचना वेगळी असते, म्हणून एकतर दिवे बदलावे लागतात किंवा अपवाद-परवानगी काढावी लागते. तीव्र एलईडी आणि झेनॉन दिव्यांना आपोआप उंची जुळवणारी यंत्रणा आणि काच धुणारे फवारे यांची अट येते, आणि तिथे खर्च चढत जातो. म्हणून साधे हॅलोजन दिवे असलेली आवृत्ती मिळाली तर ती कमीपणाची मानू नये.

वेगमापकावर किलोमीटर वाचता आले पाहिजेत. टायरांवरही ‘ई’ खूण हवी. व्हीआयएन क्रमांक अमेरिकेत काचेखालच्या पट्टीवर असतो. जर्मनीत तो चौकटीवर ठोकलेला हवा, आणि नसल्यास अभियंत्याच्या संमतीने ठोकून घ्यावा लागतो.

ट्रेलर ओढायचा असेल तर आणखी एक बारकावा आहे. अमेरिकी जोडणीचा प्रचलित गोळा दोन इंचांचा, म्हणजे ५०.८ मिलिमीटरचा असतो आणि युरोपीय गोळा ५० मिलिमीटरचा. हा फरक नजरेला दिसत नाही, पण युरोपीय ट्रेलरची वाटी त्या गोळ्यावर नीट बंद होत नाही. ‘ई’ खुणेची जोडणी आणि तेरा पिनांचा सॉकेट बसवून घ्यावा. अमेरिकी जाहिरातीत पाच टन ओढण्याची क्षमता लिहिलेली असली तरी येथे आपला परवाना आणि नोंदणीपुस्तकातील आकडाच खरा.

सातवी पायरी: नोंदणी, कर आणि विमा

तपासणीचा अहवाल, सीमाशुल्काचा दाखला, मूळ टायटल, खरेदीचा करार, विम्याचा इलेक्ट्रॉनिक क्रमांक आणि ओळखपत्र घेऊन नोंदणी कार्यालयात जावे. अमेरिकी नंबरपाटी ३०५ बाय १५२ मिलिमीटरची असते आणि बंपरमधला खळगा तेवढाच असतो. जर्मन पाटी ५२० मिलिमीटर रुंद. आखूड पाटीसाठी आधीच विनंती करावी, किंवा पाटी बसवण्याची वेगळी चौकट करून घ्यावी.

वाहनकर नोंदणीतील वर्गावर ठरतो. प्रवासी वर्गात पाच लिटरचे पेट्रोल इंजिन आणि प्रति किलोमीटर ३०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड असेल, तर वर्षाला सुमारे ७८० युरो येतात. मालवाहू वर्गात ३.२ टनांच्या ट्रकला वजनावरून दोनशे युरोंच्या आत कर लागतो. हा आकडा पाहून लगेच मालवाहू नोंदणीकडे धावू नये, कारण खाजगी वापराच्या मालवाहू गाडीचा विमा काही कंपन्या देत नाहीत किंवा महाग देतात. आयात गाडीच्या नोंदणीत मॉडेल ओळखणाऱ्या प्रकार-क्रमांकाच्या जागी शून्ये येतात, त्यामुळे ऑनलाइन विमा-गणक उपयोगी पडत नाही. दोन-तीन कंपन्यांना व्हीआयएन, वजन आणि किंमत कळवून खरेदीपूर्वीच लेखी दर मागवावा.

आठवी पायरी: रोजचे इंधन आणि पहिला हिवाळा

अमेरिकी पंपावरचा ८७ हा ऑक्टेनचा आकडा पाहून घाबरू नये. मोजण्याची पद्धत वेगळी असल्याने तो युरोपातील ९१-९२ च्या बरोबरीचा असतो, आणि साधे ९५ ऑक्टेन पेट्रोल पुरते. २३५ ला अमेरिकी ‘मैल प्रति गॅलन’ने भागले की शंभर किलोमीटरला किती लिटर ते कळते. सोळा मैलांचा ट्रक शंभर किलोमीटरला सुमारे १४.७ लिटर पितो. वर्षाला १५,००० किलोमीटर आणि लिटरला १.७५ युरो धरल्यास हा खर्च ३,८५० युरोंच्या पुढे जातो.

म्हणूनच अनेकजण ऑटोगास, म्हणजे एलपीजी, बसवून घेतात. गॅस पंधरा-वीस टक्के जास्त लागतो, पण लिटरमागे बराच स्वस्त पडतो. येथे इंजिनाची निवड महत्त्वाची ठरते. रॅमचे ५.७ लिटरचे हेमी इंजिन इंधन नळीत फवारते, त्यामुळे गॅसचे काम सरळ होते. सिल्व्हराडोची २०१४ नंतरची ५.३ लिटर इंजिने इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारतात आणि तिथे काम अवघड व महाग होते. गॅसचा विचार असेल तर तो खरेदीच्या यादीत पहिल्या दिवशीच असावा.

पेट्रोल ट्रकला शहरांच्या प्रदूषणमुक्त क्षेत्रासाठी हिरवे चिकटपत्र सहसा अडचणीशिवाय मिळते. हिवाळी टायरांसाठी १ ऑक्टोबर २०२४ पासून डोंगर आणि हिमकणाचे चिन्ह आवश्यक झाले आहे. अमेरिकेतून बसून आलेल्या टायरांवर नुसते ‘एम-एस’ (चिखल आणि बर्फ) लिहिलेले असेल, तर बर्फाच्या किंवा निसरड्या रस्त्यावर ते आता चालत नाहीत. कारखान्याची हमी सामान्यतः उत्तर अमेरिकेपुरतीच असते, त्यामुळे फिल्टर, ब्रेक पॅड आणि पाण्याचा पंप यांचे सुटे भाग आधीच मागवून ठेवावेत. बदललेल्या दिव्यांची आणि ट्रेलर-जोडणीची मान्यतापत्रे गाडीतच ठेवावीत, कारण रस्त्यावर पोलिसांनी थांबवल्यास आणि दर दोन वर्षांच्या तपासणीत हेच कागद सर्वांत आधी मागितले जातात.